खिळा नसलेल्या घरात पिल्लू

कुत्र्याचं पिल्लू आणायचं का, असं आमच्या लेकीनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते, आणि ऐकलंच नाही असं दाखवलं. ही माझी जुनी युक्ती. भीती वाटायला लागली की मी काहीतरी निवडायला घेते. तांदूळ नसले तर डाळ. पण लेक माझीच. ती समोर फतकल मारून बसली आणि दर थोड्या वेळानं ‘मग आणायचं ना?’ म्हणत राहिली.

ती तेव्हा सात वर्षांची होती. छप्पन साली राज्यं नव्यानं आखली, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, त्याचं राजधानीपण गेलं, तिथल्या कचेऱ्या उठून भोपाळला आल्या आणि त्यांच्यामागे आमच्यासारखी कारकुनांची बिऱ्हाडं ट्रंका-वळकट्यांसह येऊन पडली. आम्हाला नव्या भोपाळात टेकडीवर क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, मागे पडवी, पुढे उघडा खडकाळ माळ. कुंपण नाही, झाड नाही. इमारतींना अजून चुन्याचा वास येत होता. पिपलानीकडे मोठा कारखाना येणार, शहर वाढणार, असं लोक म्हणत. आम्हाला त्याचं काही नव्हतं. आमच्या क्वार्टरांच्या सबंध ओळीला एकच आस होती, ती परत जायची.

त्यासाठी एक वाट होती. तिकडच्या राज्यात अडकलेला कोणी हिंदी माणूस इकडे यायला तयार असेल, तर त्याची आणि आपली अदलाबदल होऊ शकत असे. आमच्या ओळीतला प्रत्येक पुरुष असा माणूस शोधत होता. आमचे हेही शोधत होते. स्थळं शोधावीत तशी ही शोधाशोध चाले. अमक्याचा मेव्हणा तिकडे आहे, तो विचारून ठेवतो म्हणाला, तमका तयार आहे पण त्याची बायको नाही म्हणते, असं सगळं.

आणि म्हणून आमच्या ओळीत कोणी भिंतीला खिळा मारत नसे. ही रीत कोणी पाडली देव जाणे. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी शेजारच्या बायकांनी बजावलं, ‘वहिनी, खिळा तेवढा मारू नका हं. खिळा मारला की बदली अडते.’ मी शिकलेली बाई, मॅट्रिकपर्यंत गेलेली, पण मीही नाही मारला. कॅलेंडर फडताळात आडवं पडलेलं असे. देवांच्या तसबिरी भिंतीला टेकून पाटावर उभ्या. आरसा खिडकीच्या गजांना टेकवलेला, दार जोरात लागलं की घसरायचा. कपडे वाळत घालायची दोरी खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत, त्यामुळे कपडे वाळेपर्यंत दार लावता यायचं नाही. अर्ध्या ट्रंका उघडल्याच नव्हत्या. त्यांच्यावर सतरंजी घालून आम्ही पाहुण्यांना बसवत असू. मुलीला हिंदी शाळेत घातलं आणि चार महिन्यांत काढावं लागलं तर तिचे हाल होतील, म्हणून तिला मी घरीच मराठी धुळाक्षरं गिरवायला लावी. तिला मैत्रिणी नव्हत्या. दिवसभर ती एकटीच पडवीत बसून स्वतःशी बोलायची, आणि ते मला ऐकवत नसे.

पिल्लांची बातमी तिला दूधवाल्याकडून कळली. टेकडीच्या उतरणीला एक पेरूची बाग होती. तिथे एक म्हाताऱ्या बाई राहत, सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. त्यांचे यजमान संस्थानच्या काळात शिकारीला जाणाऱ्या बड्या मंडळींबरोबर असत. ते गेले, संस्थान गेलं, पण शिकारी कुत्र्यांची जात खालांनी सांभाळली होती. त्यांची कुत्री व्याली होती.

‘आणू या की,’ आमचे हे म्हणाले. ते कशालाही आणू या म्हणतात. निस्तरायची वेळ आली की कचेरीत जातात.

‘अहो, इथे टेकडीवर बिबट्या फिरतो. पलीकडच्या ओळीतलं कुत्रं उचलून नेलं.’

‘मग घरात ठेवू.’

‘घरात? आणि पिसाळलं म्हणजे? पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात. पोरीच्या एवढ्याशा पोटात!’

‘भित्री भागूबाई,’ म्हणून ते हसले.

हसायला काय जातं! माझ्या डोक्यात तर एकामागून एक सुरूच झालं. दूध कुठून आणायचं वरचं? दिवाळीला नागपूरला जाताना त्याला कुठे ठेवायचं, की गाडीत न्यायचं? इटारसीला ते डब्यातून उतरून पळालं तर? उन्हाळ्यात या पत्र्याच्या पडवीत ते तापून मरेल. थंडीत गारठेल. मेलं तर पोरीला काय सांगायचं? आणि या सगळ्याच्या खाली जी खरी भीती होती ती मी मोठ्यानं बोललेच नाही. आपली अदलाबदल झाली तर? पण लेक रोज विचारत होती, आणि तिला दुसरं काही देण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं. शेवटी मी तिला घेऊन बागेत गेले.

खाला बाजेवर बसून सुपारी कातरत होत्या. उंच, सडसडीत, नाकावर राग. पिल्लं त्यांच्या पायाशी लोळत होती. लेक धावत पुढे गेली, तशी खालांनी अडकित्ता वर केला.

‘बीबी, पिल्ला मैं यूँ ही नहीं देती. पहले घर देखूँगी.’

मला आधी वाटलं चेष्टा करताहेत. पण नाही, त्यांनी दिवसच ठरवून दिला.

मग काय, आमच्याकडे मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तशी धांदल. फरशी दोनदा पुसली. ट्रंकांवरची सतरंजी झटकली. लेकीला इस्त्रीचा फ्रॉक घातला, केसांना तेल लावून वेण्या घातल्या. पोहे केले. शेजारच्या वहिनींनी हळूच विचारलं, ‘त्यांना कपबशी कोणती देणार?’ त्या काळी मुसलमान पाहुण्यांसाठी वेगळी कपबशी असायची, आमच्याकडेही होती. पण ती बांधलेल्या ट्रंकेच्या तळाशी होती आणि ट्रंक उघडायची नव्हती. तेव्हा खालांनी आमच्याच कपातून चहा घेतला, आणि आमच्या घरातला तो भेद ट्रंकेतच राहून गेला.

पोहे त्यांनी दोन बशा खाल्ले. मग उठल्या. पडवी पाहिली, मोरी पाहिली, दाराची कडी लावून काढून पाहिली. एवढं झाल्यावर पुढच्या खोलीत येऊन मधोमध उभ्या राहिल्या आणि चारी भिंतींकडे बघत राहिल्या.

‘एक कील तक नहीं है,’ त्या म्हणाल्या. ‘आप लोग जाने वाले हैं न?’

मी म्हटलं, तसं नक्की काही नाही, पण प्रयत्न चालू आहेत. माझं हिंदी तेव्हा असं होतं की त्या ‘प्रयत्न’वर अडखळल्या. पण समजायचं ते समजल्या.

‘तो कुत्ता क्यों ले रही हैं? मुसाफ़िर को पानी देते हैं बीबी, रोटी देते हैं. कुत्ता नहीं देते.’

आणि त्या निघून गेल्या. लेक दारात उभी राहून त्यांना उतरणीवरून जाताना बघत होती. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मी तिच्यावरच ओरडून मोकळी झाले असते.

माझा संताप झाला. माझ्या घरात येऊन, माझे पोहे खाऊन, मला मुसाफिर म्हणते ही बाई! मी काय धर्मशाळेत राहते? आणि त्या तिरीमिरीत मी सामानाचं रिकामं लाकडी खोकं ओढलं आणि त्याचे खिळे उपटून काढले. हातोडा नव्हता, पाट्यावरचा वरवंटा घेतला. पहिला खिळा वाकडा गेला, दुसऱ्यानं चुन्याचा एवढा मोठा पापुद्रा पाडला, तिसरा मात्र भिंतीत गेला. मग थांबलेच नाही. कॅलेंडर, तसबिरी, आरसा, दोरी. उरलेल्या ट्रंका उघडल्या. तांब्याचे हंडे मोरीत मांडले, लग्नातली चादर गादीवर घातली. लेक एकेक खिळा माझ्या हातात देत होती आणि तिचा चेहरा जसा फुलला होता, तसा भोपाळला आल्यापासून मी पाहिला नव्हता.

वरवंट्याचा आवाज ओळभर गेला. बायका दारात जमल्या. मग एकीनं विचारलं, ‘तुम्हाला आतून काही कळलं का? अदलाबदल बंद झाली का?’ मी नाही म्हटलं, पण तेवढ्यात बातमी शेवटच्या क्वार्टरपर्यंत गेलीसुद्धा, आणि तिथे म्हणे एक बाई पदर डोळ्याला लावून बसली. आमचे हे संध्याकाळी आले तेव्हा आधी चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे दारातच थांबले.

‘अगं, सरकारी भिंत आहे,’ एवढंच त्यांना सुचलं. थोड्या वेळानं म्हणाले, ‘आता बदली अडली म्हणायची.’ हसत म्हणाले, पण मला ते हसणं लागलं. कारण मी खिळे ठोकले ते निव्वळ हट्टापायी. इथे राहायचं म्हणून नाही. माझं मन अजून नागपूरच्याच गाडीत बसलेलं होतं.

मी खालांना पुन्हा बोलावलं. त्या आल्या, आरशाचा खिळा बोटात धरून ओढून पाहिला. निघाला नाही.

‘ठीक है,’ त्या म्हणाल्या. ‘अभी माँ का दूध पी रहे हैं. छूट जाए तो ले जाइए.’

लेकीनं एक तपकिरी पिल्लू ठरवून ठेवलं. रोज ती मला बागेच्या कुंपणापर्यंत ओढून न्यायची, त्याला लांबून बघायला.

त्याच सुमारास आमच्या समोरच्या बिऱ्हाडाची अदलाबदल झाली. किती आनंद झाला सगळ्यांना! पेढे वाटले. त्यांनी एक गावठी कुत्रा पाळला होता, म्हणजे तो आपणहून आला होता आणि त्यांनी त्याला भाकरी घातली होती. जायच्या दिवशी तो टांग्यामागे उतरणीच्या खालपर्यंत पळत गेला. टांग्यातल्या मुलांनी ‘जा, जा घरी’ म्हणून हात केले. मग तो परत आला आणि कुलूप लावलेल्या दारासमोर बसला. ‘सवय होईल त्याला,’ बायका म्हणाल्या. मीही तेच म्हटलं. नवं कुटुंब इंदूरकडचं होतं, त्यांनी त्याला काठी दाखवली. तो थोडा लांब जाऊन बसला, पण तोंड त्या दाराकडेच. कोणी टांगा चढावर आला की उठून उभा राहायचा, माणसं उतरली की पुन्हा बसायचा. आमच्या लेकीनं त्याला पोळी नेऊन ठेवली. त्यानं हुंगलीसुद्धा नाही. पडवीतून ती तासन्‌तास त्याच्याकडे बघायची. एके दिवशी तो दिसेनासा झाला. कुठे गेला ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणी चौकशीही केली नाही.

आणि मग आमचं नशीब उघडलं. ह्यांच्या कचेरीतले एक जण नागपूरला जाऊन आले ते थेट आमच्या घरीच आले. माणूस मिळाला होता. ह्यांच्याच जागेवरचा, त्याच पगाराचा, मूळचा इथल्याच, सिहोरचा. त्याची बायको तयार, आई तयार, सगळे तयार. फक्त आमचं हो कळवायचं होतं. मला आनंद झाला, तो किती झाला हे मी लपवणार नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. माझी आई, माझ्या बहिणी, सीताबर्डीचा बाजार, रस्त्यावरची आपली भाषा! मी मनातल्या मनात त्या ट्रंका पुन्हा भरूनसुद्धा टाकल्या.

दुसऱ्या दिवशी खालांचा निरोप आला, पिल्लू घेऊन जा.

मी निरोप आणणाऱ्याला उद्या येते म्हटलं. सबंध सकाळ मी डाळ निवडत होते. न्यावं का बरोबर? बिऱ्हाड हलवताना, गाडी बदलताना, आणि तिकडे आधी राहायचं कुठे तेही ठरलेलं नाही, माझ्या माहेरच्या दोन खोल्यांत आधीच सात माणसं. इथे घेऊन कुणाला देऊन जावं? का नाहीच म्हणावं? मग म्हटलं, पोरीला आधी सांगून टाकावं. नागपूर म्हटलं की खूश होईल, आजी म्हटलं की पिल्लाचं विसरेल.

मी तिला जवळ घेतलं. ‘आपण नागपूरला जायचं बरं का आता. कायमचं. आजीकडे.’

ती म्हणाली, ‘मग पिल्लू नको.’

‘अगं, नेऊ या की आपण. बघू बाबा काय म्हणतात.’

‘नको,’ ती म्हणाली. आवाजात रुसवा नव्हता. माझी समजूत काढत असल्यासारखी बोलत होती. ‘तिथेपण नको. तिथूनपण आपण जाऊ ना.’

एवढं बोलून ती उठली. कोपऱ्यातली तिची छोटी ट्रंक ओढली आणि भरायला लागली. मी काही सांगितलं नव्हतं. जड कपडे खाली, फ्रॉक वर, पाटी दोन फ्रॉकांच्या मधे, फुटू नये म्हणून. बाहुली तिनं हातात घेतली, पाहिली आणि बाजूला ठेवली.

‘ती का नाही घेत?’ मी विचारलं.

‘जागा नाही,’ ती म्हणाली. जागा होती. मला दिसत होती.

मी तिथेच बसून राहिले. सगळं जग मला शहाणी म्हणत असे, आणि पोरीला शाळेत न घालणं, ट्रंका न उघडणं, कशात जीव न गुंतवणं, यालाही मी शहाणपणच समजत होते. आणि त्या शहाणपणातून माझी सात वर्षांची पोर एवढंच शिकली होती की काही आवडलं तर ते आधीच बाजूला ठेवावं. मला तिची भीती वाटली. बिबट्याची, पिसाळण्याची, इटारसीच्या गर्दीची भीती त्यापुढे काहीच नव्हती.

हे आले तेव्हा त्यांना मी बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

‘त्या सिहोरच्या माणसाला नाही म्हणून कळवा.’

‘विचार केलास?’

‘केला. फार भीती वाटतेय. पण नाही म्हणा.’ आणि मी लेकीनं काय केलं ते सांगितलं.

त्यांची म्हातारी आई तिकडे होती, मोठा भाऊ होता, सगळं होतं. ते मोरीत जाऊन तोंड धूत राहिले, बराच वेळ पाणी पडण्याचा आवाज येत होता. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. ‘कळवतो,’ म्हणाले. ‘शाळेचंही बघावं लागेल मग.’ आम्ही त्यावर पुढे कधीच भांडलो नाही, पण त्यांच्या आईचं शेवटचं आजारपण आलं तेव्हा गाडी वेळेवर मिळाली नाही, आणि त्या दिवसांत ते माझ्याशी फार कमी बोलले. तेही इथे लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बागेत गेले. आम्ही जाणार हे खालांना कुणीतरी आधीच सांगितलं असावं, कारण त्यांनी पिल्लू उचललंच नाही, आधी विचारलं, ‘कब जा रही हैं?’

‘नहीं जा रहे,’ मी म्हटलं.

त्यांनी माझं तोंड निरखून पाहिलं आणि मग पिल्लू माझ्या ओंजळीत घातलं. ते गरम होतं आणि त्याचं काळीज माझ्यासारखंच धडधडत होतं. चढावर मी दोनदा थांबले, एकदा तर परत फिरावं असंही वाटलं.

लेक पुढच्या खोलीत बसली होती. मी पिल्लू तिच्यासमोर सतरंजीवर ठेवलं. ते लडखडत तिच्याकडे गेलं, तिच्या पायाचा अंगठा हुंगायला लागलं. तिनं पाय आवरून घेतले आणि दोन्ही हात पाठीमागे धरले.

‘हे आपलं आहे?’

‘हो.’

‘किती दिवस?’

‘कायमचं,’ मी म्हणाले. हाच शब्द मी तिला कालच नागपूरबद्दल सांगितला होता. तिलाही तो आठवला असावा. ती माझ्याकडे बघत राहिली, हात तसेच पाठीमागे, आणि त्या नजरेखाली मी खाली बसले, तिच्या ट्रंकेतले कपडे एकेक करून बाहेर काढू लागले.